सर्पगंधा : एका कडू मुळीचे गुण, दावे आणि प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण कोकणातून मुंबईला मजुरीसाठी आलेली माणसे सर्पगंधेच्या मुळीचा लहानसा साठा जवळ बाळगत असत. पोटात मुरडा आला, कळ उठली की ती घ्यायची. ही नोंद विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात आहे. १८९० ते १८९३ या काळात तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला. डायमॉक मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख होते. बाजारात काय विकले जाते, गावाकडून काय येते आणि कोण कशासाठी काय घेते, हे ते बारकाईने विचारून लिहून ठेवत. कोकणातले आणखी काही उपयोगही त्यांनी टिपले आहेत. पटकीच्या साथीत ही मुळी सापसंदाच्या मुळीबरोबर देत. पोटशुळावर तिच्यात कुड्याची आणि मोगली एरंडाची मुळी मिसळून ते मिश्रण दुधातून देत. तापात किराईत, आले आणि पादेलोण यांच्या जोडीने तिचा वापर होई.

या नोंदींत दोन गोष्टी कुठेच नाहीत. उच्च रक्तदाब नाही आणि वेडही नाही. पुढे याच मुळीला जगभर नाव मिळाले ते मात्र या दोनच कारणांनी. कोकणातला माणूस तिच्याकडे पोटाचे औषध म्हणून पाहत होता, बिहारमधला झोपेचे आणि वेडाचे औषध म्हणून, तर सापाच्या विषावरचा उतारा म्हणून तिची कीर्ती जवळपास सगळीकडेच होती. झाड एक आणि दावे इतके. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्याला या मुळीत पुरावा सापडतो. ‘ही सगळी अंधश्रद्धा आहे’ म्हणणाऱ्यालाही सापडतो. या पुस्तकाची भूमिका या दोघांहून वेगळी आहे. परंपरेने सांगितलेला प्रत्येक उपयोग वेगळा काढून, त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर तोलला पाहिजे. एक दावा खरा ठरला म्हणून शेजारचा खरा ठरत नाही, आणि एक खोटा निघाला म्हणून बाकीचे टाकून देता येत नाहीत. सर्पगंधेइतके याचे स्वच्छ उदाहरण भारतीय वनौषधींत मला दुसरे दिसत नाही.

आधी झाडाची ओळख. कण्हेर, सदाफुली, तगर यांच्या कुळातले हे लहानसे झुडूप आहे. फार तर गुडघ्या-मांडीइतके वाढते. पाने खोडाभोवती तीन-तीन, चार-चारच्या फेऱ्यांत येतात. वरून गर्द हिरवी, खालून फिकी. फुले पांढरी, पण त्यांचे देठ आणि नळी लालसर, त्यामुळे झुबका दुरूनही उठून दिसतो. फळे वाटाण्याएवढी, पिकली की जांभळट काळी. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, गंगेच्या खोऱ्यालगतच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या दमट जंगलांत, सावलीला ते उगवते. कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा घाट हे त्याचे जुने घर. मराठीत त्याला अडकई, हरकी अशी नावे आहेत, पण आता ती गावातल्या मोजक्या जाणत्यांच्याच तोंडी उरली आहेत.

औषधाला लागते ती मुळी. वाकडीतिकडी, सुरकुतलेली, बाहेरून मातकट पिवळसर. तिला सांगण्यासारखा वास नाही, चव मात्र अतिशय कडू. हा कडवटपणा अल्कलॉइड या वर्गातल्या द्रव्यांचा. सर्पगंधेतून अशी ५० हून अधिक द्रव्ये वेगळी काढली गेली आहेत आणि त्यांचा बहुतांश साठा मुळीच्या सालीत असतो. म्हणून मुळी खणताना साल खरचटू नये, बारीक उपमुळे तुटू नयेत, याची काळजी घेतात.

तिच्याशी गल्लत होणारे एक भावंड आपल्याकडे रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, पडीक जागेत सर्रास उगवते. ते मूळचे अमेरिका खंडातले, इथे येऊन रुजलेले. त्याची पाने चार-चारच्या फेऱ्यांत असतात, पण एका फेरीतली चारही पाने सारख्या आकाराची नसतात. फळे आधी लाल होतात, मग काळी. त्याच्या मुळीतही काही अल्कलॉइडे आहेत, पण प्रमाण आणि जात वेगळी. बाजारातल्या सर्पगंधेत ही मुळी मिसळलेली सापडते. तेव्हा ‘आमच्या बांधावर सर्पगंधा आहे’ असे कोणी सांगितले, तर आधी पाने नीट पाहावीत.

आता सापाचा दावा. चरक आणि सुश्रुत यांच्या विषचिकित्सेत सर्पगंधा, नाकुली ही नावे येतात. ती आजच्या या झाडाचीच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. लोकांच्या मनात मात्र कथा पक्की आहे : नागाशी झुंजण्याआधी मुंगूस एक वनस्पती खाते आणि म्हणून त्याला विष बाधत नाही. ही कथा किती जुनी आणि किती दूरवर पोचलेली आहे, याचा एक पुरावा गोव्यातच छापला गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या औषधांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापून निघाला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात श्रीलंकेतल्या ‘सापाच्या लाकडा’ची, मुंगसाची आणि नागाची हकिकत आहे. त्याने सांगितलेल्या प्रकारांपैकी एक म्हणजे आपली सर्पगंधा, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

मुंगूस वाचते, हे खरे. त्याचे कारण मात्र मुळीत नाही, त्याच्या स्वतःच्या शरीरात आहे. नागाच्या विषातला घातक घटक मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच्या ग्राहकरेणूला चिकटतो आणि स्नायू लुळे पाडतो. मुंगसाच्या ग्राहकरेणूची घडणच अशी बदललेली आहे, की विष तिथे नीट चिकटत नाही. हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रयोगांनी सिद्ध झाले. शिवाय त्याची चपळाई आणि दाट केस मदतीला असतातच. माणसाला ही देणगी नाही आणि सर्पगंधेची मुळी ती देऊ शकत नाही. विषाला निष्प्रभ करील असे या मुळीत काही नाही. उलट ग्लानी आणणारे आणि रक्तदाब उतरवणारे औषध सर्पदंशाच्या रुग्णाला दिले, तर त्याची अवस्था बिघडू शकते. घोणशीच्या दंशात रक्तदाब आधीच ढासळतो, हे कोकणातल्या आणि देशावरच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती कित्येक दशके तयार होत आली आहे. मुळी उगाळण्यात घालवलेला अर्धा तास हा त्या लसीपासून हिरावलेला अर्धा तास असतो. या दाव्याबाबत मला कसलीही भीड ठेवायची नाही. तो चुकीचा आहे आणि त्याने माणसे मरतात.

दुसरा दावा, निद्रेचा आणि उन्मादाचा. इथे चित्र एकदम पालटते. बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून उघड विकली जाई. रडणाऱ्या पोरांना झोप लागावी म्हणून गरीब घरांतल्या बायका तिचा कण देत, अशाही नोंदी आहेत. युनानी वैद्यकात ती ‘असरोल’ या नावाने होती आणि दिल्लीच्या हकिमांच्या पद्धतीत उन्मादावर, निद्रानाशावर वापरली जात होती. बंगालचे कविराज तिचे चूर्ण देत. आपल्याकडे मुंबईत वैद्यकी करणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी ‘सिद्धयोगसंग्रहा’त सर्पगंधा घनवटीचा पाठ दिला. त्यात सर्पगंधेच्या जोडीला खुरासानी ओवा, जटामांसी आणि भांग आहे. हा योग झोपेसाठी आहे, हे त्यातली द्रव्ये पाहताच कळते. आयुर्वेदाच्या भाषेत सर्पगंधा रसाने तिक्त, वीर्याने उष्ण, विपाकाने कटु. या गुणांवरून झोप येण्याचे कारण सांगता येत नाही, म्हणून निद्राजनन हा तिचा ‘प्रभाव’ मानतात. जे दिसते पण नियमात बसत नाही, त्याला वेगळा रकाना ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

१९३१ हे साल या मुळीच्या इतिहासात दोनदा येते. दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतली अल्कलॉइडे शुद्ध स्फटिकरूपात वेगळी काढल्याचे प्रसिद्ध केले. सलीमुज्जमान जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते. हकीम अजमल खान यांनी त्यांना पाठबळ दिले होते आणि दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयातल्या संशोधनाची जबाबदारीही सोपवली होती. अजमल खान १९२७ साली गेले. सिद्दीकींनी एका अल्कलॉइडला त्यांचे नाव दिले : अजमलीन. याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्यात उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचे नवे भारतीय औषध म्हणून सर्पगंधा मांडली होती. गणनाथ सेन कविराजही होते आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले होते. दिवसातून दोनदा २० ते ३० ग्रेन चूर्ण दिले की रुग्ण शांत होतो, झोपतो आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी लिहिले. दोन वर्षांनी कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांतही शामक आणि रक्तदाब उतरवणारा असे दोन्ही परिणाम दिसले. १९३४ साली ‘हिमालया’ कंपनीने ‘सर्पिना’ नावाची गोळी बाजारात आणली.

रक्तदाब हा शब्द इथे पहिल्यांदा आला, आणि तो इतका उशिरा का आला हे समजून घेण्यासारखे आहे. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीत दाब मोजण्याची रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दिली. स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन आकडे ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. त्याआधी रोजच्या वैद्यकीत रक्तदाब सहज आणि नेमका मोजण्याची सोय नव्हती. म्हणून डायमॉकच्या नोंदीत तो नाही, आणि प्राचीन ग्रंथांतही सर्पगंधेचा हा उपयोग शोधून सापडणार नाही. मुळीत गुण होता, पण तो दिसायला उपकरण हवे होते. परंपरेने एक गुण ओळखला आणि उपकरणाने दुसरा दाखवला. यात कोणाचाच कमीपणा नाही.

तो दुसरा गुण जगाला पटवून देणारा माणूस मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११चा. लंडनमध्ये शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि हृदयविकारतज्ज्ञ म्हणून के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला देण्यासारखे डॉक्टरांपाशी फारच थोडे होते. विश्रांती, मीठ बंद, नुसता भात आणि फळे असा कठोर आहार, फेनोबार्बिटोनसारखी गुंगीची औषधे, आणि फारच झाले तर पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंवर मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेलेला होता आणि जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या डॉक्टरांना तो आवरता आला नव्हता. अशा काळात वकील मुंबईत रुग्णांना सर्पगंधा देत होते आणि आकडे लिहून ठेवत होते.

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात ५० रुग्णांवरचे निष्कर्ष होते. आजच्या निकषांनी तो अभ्यास छोटा ठरेल, पण त्यात दावा एकच होता आणि तो मोजता येत होता. औषध देण्याआधीचा दाब, नंतरचा दाब, किती उतरला, कोणाचा उतरला नाही, त्रास काय झाला, हे सारे त्यांनी मांडले. पाश्चात्त्य वैद्यकाने सर्पगंधेकडे गंभीरपणे पाहिले ते या निबंधानंतर. गणनाथ सेनांचा लेख १८ वर्षे आधी छापून झाला होता, पण तो भारताबाहेर फारसा कोणी वाचला नव्हता. कुठे छापले आणि कोणत्या भाषेत मोजले, यावर ज्ञानाचे भवितव्य किती अवलंबून असते, ते या दोन लेखांच्या नशिबात दिसते. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण. मुंबईत त्यांचे नाव आज किती वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, हा विचार मनाला लागतो. म्हणून त्यांच्यावरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९५२ साली बासेलमधल्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य शामक द्रव्य वेगळे काढले : रेसर्पिन. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते रक्तदाबासाठी वापरले आणि त्यांचे रुग्ण आणखी एका अर्थाने निवांत होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५३ साली अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक रुग्णांवरचा आपला अनुभव बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत मांडला. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली. ती वाचून नेथन क्लाइन यांनी रॉकलंडच्या सरकारी मनोरुग्णालयात औषध देऊन पाहिले आणि १९५४ साली निष्कर्ष छापले. तेव्हा अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे बंद होती. त्यांच्यासाठी विजेचे झटके, मेंदूवरची शस्त्रक्रिया आणि कुलूप, एवढेच उपाय होते. क्लोरप्रोमाझिन आणि रेसर्पिन ही दोन औषधे जवळजवळ एकाच वेळी आली आणि ती दारे उघडू लागली. बिहारच्या बाजारातली ‘पागल की दवा’ खरोखरच त्या कामाची होती, हे आता अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या दप्तरी नोंदले गेले.

ते काम कसे होते? मेंदूतल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात ते सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन अशा द्रव्यांमार्फत. ही द्रव्ये पेशीच्या टोकाला बारीक पुटिकांत साठवलेली असतात. रेसर्पिन या साठवणीच्या कोठाराचे दारच बंद करते. द्रव्य आत जाऊ शकत नाही, बाहेरच नष्ट होते आणि साठा हळूहळू रिता होतो. रक्तवाहिन्या आवळणारे निरोप कमी पडले की दाब उतरतो. मेंदूतले निरोप कमी पडले की क्षोभ शमतो. साठा रिता व्हायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तो पुन्हा भरायलाही वेळ लागतो, म्हणून औषध बंद केल्यावरही परिणाम रेंगाळतो. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन दिलेल्या, गलितगात्र झालेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिनचे स्वतंत्र काम यातून कळले. कंपवातावरचा आजचा मुख्य उपचार या वाटेनेच आला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. सशांना आधी गलितगात्र करणारे ते द्रव्य आपल्या मुळीतले होते.

गुण ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने दोषही येतो. नाक चोंदते, नाडी मंदावते, जुलाब होतात, जठरात आम्ल वाढून व्रण चिघळतात, हात कापू लागतात. आणि काही माणसे खोल उदासीनतेत जातात. १९५०च्या दशकात मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेतलेल्या रुग्णांत आत्महत्येचे विचार येऊ लागले, तेव्हा डॉक्टर धास्तावले. हा संबंध मुळात समजला गेला तितका सरसकट आहे का, यावर अलीकडे पुन्हा चर्चा झाली आहे. तरीही पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या माणसाला हे औषध देऊ नये, हा नियम कायम आहे आणि तो योग्यच आहे. १९७४ साली स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे अभ्यास निघाले. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण तोवर औषधाचे नाव खराब झाले होते.

मात्रेचा हिशेब मला इथे मुद्दाम मांडायचा आहे, कारण घरगुती वापरात सर्वांत जास्त गोंधळ त्याचाच असतो. सेन आणि बोस यांची मात्रा दिवसाला एकूण ४० ते ६० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ते चार ग्रॅम चूर्ण. मुळीत रेसर्पिन शेकडा ०.१ धरले, तर एवढ्या चूर्णात अडीच ते चार मिलिग्रॅम रेसर्पिन आले. रक्तदाबासाठी नंतर रूढ झालेली रेसर्पिनची मात्रा दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे उन्मत्त रुग्णाला शांत करण्यासाठी वापरलेली मात्रा रक्तदाबाच्या मात्रेच्या दहापट आणि त्याहूनही अधिक होती. आता कोणी ग्रंथात वाचून ‘एक-दोन ग्रॅम चूर्ण रात्री दुधातून’ रक्तदाबासाठी घेऊ लागला, तर तो नकळत झोपेच्या आणि वेडाच्या मात्रेत शिरतो. त्यातून मुळी कोणत्या जंगलातली, किती जुनी, कोणत्या ऋतूत खणलेली, साल शाबूत आहे की नाही, यानुसार तिच्यातले अल्कलॉइडांचे प्रमाण बदलते. वैद्याने पाहून, प्रमाणित औषधातून दिलेली मात्रा आणि बाजारातून आणलेल्या मुळीचे चमचाभर चूर्ण यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्या मागच्या पिढीतल्या अनेकांनी सर्पगंधेचा अंश घेतलेला आहे, तोही ‘अडेल्फेन’ या गोळीतून. तिच्यात रेसर्पिन होते. रेसर्पिन, मूत्रल औषध आणि हायड्रॅलझिन यांच्या मिश्रणावरच अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी तो प्रसिद्ध अभ्यास केला. वाढलेला रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतात, हे १९६७ साली त्यातूनच पक्के सिद्ध झाले. आज रक्तदाबावर याहून सुरक्षित औषधे आहेत आणि रेसर्पिन मागे पडले ते बरोबरच झाले. अजमलीन मात्र वेगळ्या जागी टिकून आहे. ब्रुगाडा नावाच्या, अचानक मृत्यू ओढवणाऱ्या हृदयविकाराचे निदान करताना युरोपातले डॉक्टर ते शिरेतून देऊन हृदयाचा आलेख पाहतात. दिल्लीच्या एका हकिमांचे नाव रोज असे परदेशी रुग्णालयांत उच्चारले जाते.

उरला कोकणातला पोटाचा दावा. रेसर्पिन आतड्यांची हालचाल आणि जठरातला स्राव वाढवते. तेव्हा कळ, मुरडा, पटकी यांत ते उपयोगी पडेल असे मानायला आधार दिसत नाही, व्रणाच्या रुग्णाला तर ते घातकच. डायमॉकने नोंदलेल्या पोटशुळाच्या मिश्रणात कुडा होता. अतिसारावरचे नाव खऱ्या अर्थाने कुड्याचे आहे. त्या मिश्रणाने आलेला गुण त्याचाही असू शकेल, किंवा मुळीने आलेल्या ग्लानीत वेदना कमी जाणवत असेल. प्रसूतीत कळा वाढाव्यात म्हणून मुळीचा काढा देण्याची चालही जुन्या ग्रंथांत नोंदलेली आहे. तो वापर आज कोणीही करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने ही मुळी घेतली तर बाळाला ग्लानी येते, त्याचे नाक चोंदते. तान्ह्या मुलाला चोंदलेल्या नाकाने दूध ओढता येत नाही.

या सगळ्या कीर्तीची किंमत झाडाने मोजली. रेसर्पिनची मागणी वाढली तशी जंगले खणली गेली. पान किंवा फळ तोडले तर झाड जगते, मुळी काढली की ते संपते. बी भरपूर लागते, पण त्यातले बरेच पोकळ असते आणि उरलेल्याचे कवच इतके कठीण, की उगवण कमी होते. वाढही हळू. खणण्याजोगी मुळी तयार व्हायला दीड ते तीन वर्षे लागतात. १९९० पासून ही वनस्पती वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशी कारखाने बऱ्याच अंशी आफ्रिकेतल्या भावंड-जातीकडे वळले. आपल्याकडे लागवडीचे प्रयत्न झाले. इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने ‘आर. एस.-१’ हा वाण दिला, लखनौच्या ‘सीमॅप’ने ‘सिम-शील’. बियाण्याबरोबरच खोडाच्या आणि मुळांच्या छाटांपासूनही रोपे होतात. हिवाळ्यात पाने गळाल्यावर, मुळीत अल्कलॉइड भरपूर असताना काढणी करतात. कोकणातल्या शेतकऱ्याला आंबा-काजूच्या सावलीत हे आंतरपीक म्हणून घेता येईल का, याचा विचार पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात सविस्तर केला आहे. खरेदीदार आधी ठरल्याशिवाय कोणी त्यात पडू नये, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

हे पुस्तक औषधोपचाराचे नाही. त्यात एकही कृती ‘घरी करून पाहा’ म्हणून दिलेली नाही. ज्यांना नैराश्य, जठरव्रण किंवा कंपवात आहे, जे हृदयासाठी डिजॉक्सिन किंवा मनासाठी कोणतीही औषधे घेतात, त्यांनी सर्पगंधेपासून दूर राहावे. ज्यांना वैद्यांनी सर्पगंधेचा योग दिला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे, आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यांना दाखवाव्यात. दोघांपासून लपवून दोन्ही घेणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. झोप येत नाही म्हणून मुलांना ही मुळी देण्याचा प्रकार कुठे दिसला, तर तो थांबवावा.

वाचकांपाशी एक मागणेही आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, गोव्याच्या आणि कारवारच्या सीमेवर ही मुळी ओळखणारी वयस्क माणसे अजून आहेत. ती कशाला वापरत, किती देत, कोणाला देत नसत, आणि देऊन काय बिघडले हेही, असे सारे त्यांच्याच शब्दांत तारीख-गाव घालून लिहून ठेवा. नोंद करताना दुरुस्ती करू नका आणि भरही घालू नका. झाड दिसले तर फोटो घ्या, मुळी खणू नका.